तिच्या भल्यासाठी

'तुमच्या भल्यासाठीच सांगतो,' असं कुणी म्हणालं की मी आधी खिसा चाचपतो. अनुभवच तसा आहे. लहानपणी या वाक्याच्या मागोमाग एरंडेलाचा चमचा यायचा. शाळेत छडी आली. नोकरीला लागल्यावर विम्याचे एजंट आले. आणि पन्नाशी उलटल्यावर, 'हवापालट होईल, प्रकृतीला बरं पडेल, तुमच्या भल्याचंच आहे हो,' असं म्हणत साहेबांनी माझी बदली आलापल्लीला करून टाकली.

आलापल्ली म्हणजे गडचिरोली जिल्हा, अहेरी तालुका. चंद्रपूरहून निघालात की शंभरावर किलोमीटर जंगल बघत यायचं. बदलीची बातमी कळल्यावर नातेवाईक भेटायला आले ते समाचाराला आल्यासारखे चेहरे करून. प्रत्यक्षात गाव झकास निघालं. सागवान असं की गावातल्या साध्या पाटाकडे पाहूनसुद्धा पुण्यातल्या फर्निचरवाल्याने मान खाली घालावी. बाजारात एका चकरेत मराठी, तेलुगू, माडिया आणि बंगाली अशा चार भाषा कानावर पडतात. आमची सागू या चारही भाषांतलं 'हाड्' ओळखते.

सागू म्हणजे आमची कुत्री. नुकत्याच कापलेल्या सागाच्या फळीचा रंग, म्हणून सागू. जात गावठी, वजन चौदा किलो, शिक्षण शून्य. एका थंडीत कुणाच्या तरी ओसरीखाली जन्मलेल्या सहा भावंडांतली ही एक आमच्या पायरीवर येऊन बसली आणि सौभाग्यवतीने 'आजची रात्र राहू दे' असं म्हटलं. आमच्या घरात 'आजची रात्र' या शब्दांचा अर्थ 'तहहयात' असा आहे, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं.

सागू सहा महिन्यांची झाली आणि घरात प्रश्न उभा राहिला : हिचं ऑपरेशन करायचं का, करायचं तर कधी, आणि मुळात हे ठरवणारे आपण कोण? यातल्या पहिल्या दोन प्रश्नांना गावात भरपूर उत्तरं मिळाली. तिसऱ्याच्या वाटेला कुणी गेलं नाही. म्हणून तो माझ्याकडे उरला.

मुलीच्या लग्नाइतके सल्ले आपल्या देशात आणखी कशाला मिळत असतील तर ते कुत्रीच्या ऑपरेशनला. शेजारचे वनरक्षक म्हणाले, 'साहेब, एक वेत होऊ द्या. त्याशिवाय कुत्री निब्बर होत नाही.' आमच्या नागपूरच्या मेव्हण्यांचा फोन आला, 'सहाव्या महिन्यातच उरका, उशीर केलात तर पस्तावाल.' त्यांच्याच सौभाग्यवतींनी फोन ओढून घेऊन सांगितलं की पहिल्या माजाच्या आधी मुळीच करू नका, हाडं कच्ची राहतात. आणि घरी भांड्याला येणाऱ्या बाईंनी हातातलं पातेलं तसंच धरून विचारलं, 'कायले जी तिची कूस बंद करता? तिनं तुमचं का बिघडवलं? पाप लागते ना.'

सगळ्या सल्ल्यांत हा एकच मला खरा प्रश्न वाटला. बाकीचे कधी करायचं ते सांगत होते. या बाई सागूच्या वतीने बोलत होत्या.

त्यात मी एकदा चहाच्या टपरीवर 'नसबंदी' हा शब्द जरा मोठ्याने उच्चारला. शेजारच्या बाकावरचे दोन वयस्कर गृहस्थ चहा अर्धा टाकून उठले. हा शब्दच तसा आहे. आणीबाणीत शाळामास्तरांपासून तलाठ्यांपर्यंत सगळ्यांना नसबंदीच्या केसेसचे आकडे ठरवून दिले होते, आणि मास्तर पोरांची हजेरी घ्यायची सोडून बापांची हजेरी घेत फिरत होते. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक 1976 साली मंजूर करण्याचा मान आपल्याच महाराष्ट्र विधिमंडळाचा. राष्ट्रपतींची संमती काही आली नाही, म्हणून बरेच बाप वाचले. ते सगळं लोकांच्या भल्यासाठीच चाललं होतं. त्याच्या कितीतरी आधी, 1921 साली, रघुनाथ धोंडो कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं तेव्हा त्यांचं म्हणणं असं होतं की बाईच्या देहाचं बाईला ठरवू द्या. त्याबद्दल समाजाने त्यांना आयुष्यभर छळलं. म्हणजे विचारून करणाऱ्याला छळायचं आणि न विचारता करणाऱ्याने विधेयक मांडायचं! तेव्हा दुसऱ्याच्या कुशीचा निर्णय घेताना जरा दबकून असावं, हे मला इतिहासानेच शिकवलं.

पण सागूला विचारायचं कसं? मी एकदा प्रयत्न केला. ओसरीत तिच्यासमोर बसून सगळी बाजू समजावून सांगितली. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्या हातातलं बिस्किट नेलं. हिची संमती बिस्किटाला होती, एवढंच त्यातून सिद्ध झालं.

शेवटी चंद्रपूरच्या डॉक्टरांकडे गेलो. गृहस्थ मितभाषी. पहिल्यांदा त्यांनी माझा शब्दच दुरुस्त केला. नसबंदी म्हणजे नस बांधणं. इथं कुत्रीचे दोन्ही बीजकोश आणि बहुधा गर्भाशयही काढून टाकतात. नुसती नस बांधली तर पिल्लं होणार नाहीत, पण माज येतच राहील आणि गल्लीतले कुत्रेही. बीजकोश काढले की शरीराला वयाची वर्दी देणारे रसच बंद होतात. म्हणून कधी काढायचे याला महत्त्व.

मग त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या. कुत्री साधारण सहा ते बारा महिन्यांत पहिल्यांदा माजावर येते आणि पुढे बहुधा दर सहा-आठ महिन्यांनी. प्रत्येक माजानंतर गर्भ राहो वा न राहो, शरीर दोन महिने गर्भारपणाचीच तयारी करत बसतं. या फुकटच्या तयारीतून उतारवयात गर्भाशयात पू होण्याचं दुखणं उद्भवतं. स्वीडनमध्ये कुत्र्यांचासुद्धा विमा उतरवतात, (तिथले एजंट कुत्र्याच्या खिशाला कसे हात घालतात कोण जाणे!) तिथल्या विम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा असं दिसलं की ऑपरेशन न झालेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ चारांत एकीला दहा वर्षांची होईपर्यंत हे दुखणं गाठतं. वेळेत कळलं नाही तर कुत्री जाते. गर्भाशय आणि बीजकोश काढले की ही भीती गेली.

दुसरी भीती स्तनांच्या गाठींची. 1969 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं निघालं की पहिल्या माजाआधी ऑपरेशन केलं तर ऑपरेशन न झालेल्या कुत्रीच्या मानाने गाठींचा धोका अर्ध्या टक्क्यावर येतो, एका माजानंतर केलं तर आठ टक्क्यांवर, आणि दोन किंवा जास्त माजांनंतर सव्वीस टक्क्यांवर. मेव्हण्यांचा आधार तो हाच. पुढे 2012 साली इंग्लंडातल्या अभ्यासकांनी असे सगळे अभ्यास चाळणीतून काढले आणि पुरावा म्हणावा तितका भक्कम नाही असं सांगितलं. विज्ञानातही सासूने बांधलेली पुरचुंडी सून उघडून बघतेच.

आता खर्चाची बाजू. ऑपरेशननंतर भूक वाढते आणि शरीराचा खर्च कमी होतो; तेव्हा जेवण पाव हिश्शाने तोडलं नाही तर वर्षभरात कुत्रीची पखाल होते. काहींना पुढे झोपेत लघवी सुटते. मोठ्या अंगाच्या कुत्र्यांत आणि फार लहान वयात ऑपरेशन झालेल्यांत हे जास्त दिसतं. त्यावर औषध असतं. वाढ पुरी होण्याआधीच ते रस बंद केले तर हाडांची टोकं उशिरा जुळतात, पाय थोडे लांबतात, आणि जर्मन शेफर्ड किंवा गोल्डन रिट्रीव्हरसारख्या दांडग्या जातींत सांध्यांची दुखणी वाढलेली दिसतात. कॅलिफोर्नियात 2013 पासून याचे बरेच अभ्यास झाले. म्हणून दांडग्या कुत्रीला वर्ष-सव्वा वर्ष थांबवतात. लहान चणीच्या जातींत बहुधा हा फरक दिसत नाही. म्हणजे हाडांच्या बाबतीत मेव्हण्यांच्या सौभाग्यवतीही बरोबर, फक्त त्यांच्या कुत्रीपुरत्या. त्यांच्याकडे शेफर्ड आहे. तरीही मेव्हणे त्यांच्यापुढे हरतात याचं शास्त्रीय कारण मला प्रथमच कळलं.

'आणि एक वेत होऊ दिलं तर?' मी वनरक्षकांची बाजू मांडली. 'त्याने कुत्रीचा काही फायदा होतो असं शास्त्रात कुठे नाही,' डॉक्टर म्हणाले. 'तुमची कुत्री चौदा किलोची. आत्ताही चालेल, एका माजानंतरही चालेल. मात्र माजात असताना नको, त्या वेळी रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात. माज संपल्यावर दोन-तीन महिने जाऊ द्या.'

दोन्ही चालेल म्हटल्यावर आम्ही काय केलं असेल? आलापल्लीत पाऊस सुरू झाला होता. टाके पडलेली कुत्री घेऊन त्या चिखलातून परत यायचं, त्यापेक्षा पावसाळा जाऊ द्यावा असं ठरलं. आणि सागूने आपला पहिला माज पंचांगाबरहुकूम भाद्रपदात आणला.

भादव्यातल्या कुत्र्यांबद्दल मराठीत जे बोललं जातं ते अनुभवावर आधारलेलं आहे. तीन आठवडे आमच्या फाटकाबाहेर जी सभा भरत होती, तिला गावातले सगळे थर हजर होते. डेपोजवळचा काळा, एस.टी. स्टँडवरचा लंगडा, आणि एक तर अहेरीहून चालत आला असावा असा दमलेला. मी ऑफिसला निघालो की सगळे उठून उभे राहायचे. इतका मान मला नोकरीत कधी मिळाला नाही. रात्री भांडणं, पहाटे समेट. सागू खिडकीत बसून स्वयंवर बघत होती आणि सौभाग्यवती दाराच्या कडीला कुलूप लावून किल्ली पदराला बांधून फिरत होती.

माज संपला, सभा पांगली. आम्ही निःश्वास टाकतो न टाकतो तोच दिवाळीनंतर सागू विचित्र वागू लागली. तिने माझी डाव्या पायाची चप्पल कपाटाखाली नेली, भोवती गोणपाट ओढलं आणि तिथेच बसून राहिली. जवळ गेलं की गुरगुरे. थानं भरून आली, दूधसुद्धा आलं. दाराला कुलूप होतं, पदराला किल्ली होती. सौभाग्यवतीने संशयाने माझ्याकडे पाहिलं! डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, 'खोटं गर्भारपण. होतं असं. दोन-तीन आठवड्यांत ओसरेल. दूध आटेपर्यंत ऑपरेशनही नको.'

शास्त्र म्हणून कळलं. पण कपाटाखाली माझ्या चपलेला चाटत पडलेल्या सागूकडे पाहिलं की भांड्यावाल्या बाईंचा प्रश्न पुन्हा ऐकू यायचा. महाभारताच्या सुरुवातीलाच सरमा नावाची कुत्री येते. तिच्या पिल्लाला जनमेजयाच्या भावांनी यज्ञाजवळ विनाकारण मारलं. ती भर यज्ञात जाऊन राजाला विचारते की माझ्या मुलाचा अपराध काय? राजाकडे उत्तर नसतं. मग ती शाप देते. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या दारात व्यासांनी एका कुत्रीचं आईपण उभं करून ठेवलंय. आणि आम्ही त्याला 'हार्मोन्सचा परिणाम' म्हणून तीन आठवडे ओसरायची वाट बघत होतो.

या अवस्थेत मी निसर्गवादी झालो. निसर्गात ढवळाढवळ करणारे आपण कोण, असं बोलू लागलो. आलापल्लीला हे बोलणं शोभतंही. गावापासून जवळच वनवैभव म्हणून जंगलाचा एक तुकडा आहे. आजूबाजूचं सागवान वर्षानुवर्षं आराखड्याप्रमाणे तोडलं गेलं, पुन्हा लावलं गेलं, पण या तुकड्याला कुऱ्हाड लावायची नाही असं ठरलं, आणि 2014 साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. तिथे पडलेलं झाडसुद्धा पडल्या जागी मातीत मिसळतं. मी एका रविवारी वनरक्षकांबरोबर तिथे उभा राहून म्हणालो, 'पाहा, न छेडता सोडलं की कसं राहतं!'

ते हसले. 'साहेब, इथं माणूस ठरवत नाही, एवढंच. ठरवणारं कुणीच नाही असं कसं म्हणता? मोठ्या झाडाखाली शंभर रोपं उगवतात, दोन जगतात. रानकुत्र्यांच्या कळपात बहुतेक एकच मादी पिल्लं घालते, बाकीच्या राखत बसतात. आणि तुमची सागू काही या तुकड्यातली नाही. ती ओसरीखाली जन्मली, तुमच्याकडे भात खाते. ती डेपोच्या बाजूची.'

मला बोलायला जागा उरली नाही. कुत्रा माणसाच्या उकिरड्यावर आला त्याला हजारो वर्षं झाली. त्याच्या कुशीचं गणित तेव्हापासून आपल्याच अन्नावर चाललेलं आहे. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या अभ्यासकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांची 95 वेतं मोजून 2016 साली हिशेब मांडला. 364 पिल्लांतली 19 टक्केच वयात येईपर्यंत जगली, आणि मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त माणसापायी गेली. सागूची पाच भावंडं कुठे गेली हे मला गावात विचारावं लागलं नाही. एक ट्रकखाली गेलं, एक तापाने, दोन बिबट्याने नेली, पाचवं पोत्यात घालून कुणीतरी जंगलाच्या कडेला सोडलं. कमलापूरच्या हत्ती कॅम्पात पिल्लू झालं की पेपरात फोटोसकट बातमी येते. आमच्या गल्लीत सात झाली की लोक पोतं शोधतात. शिवाय कुत्र्यांच्या अंगावरचे रोग जंगलात जातात, त्यात वाघही सुटत नाही.

म्हणजे न करणं हासुद्धा निर्णयच होता, फक्त त्यावर कुणाची सही नव्हती. नॉर्वेत सबळ कारणाशिवाय असं ऑपरेशन करायला कायदा आडवा येतो. तिथे रस्त्यावर भटकं कुत्रं दिसत नाही आणि मालक दोरी सोडत नाही. आपल्याकडे 2001 साली आणि पुन्हा 2023 साली नियम झाले ते रस्त्यावरच्या कुत्र्यांची ऑपरेशनं करण्याचे. दाराबाहेरचा रस्ता बदलला की दारातलं पापपुण्यही बदलतं.

तरीही माझं मन स्वच्छ होईना, म्हणून कारकुनी मार्ग पत्करला. एका कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'तिचं भलं', उजवीकडे 'आमची सोय'. गर्भाशयातला पू डावीकडे गेला. गाठी डावीकडे, पण पुढे प्रश्नचिन्ह. फाटकाबाहेरची सभा उजवीकडे. फरशीवरचे रक्ताचे ठिपके उजवीकडे. पिल्लांची वाटणी करत दारोदार फिरणं उजवीकडे. पिल्लांचं मरण कुठे घालावं हे ठरेना. ती सागूची, पण मारणारे आम्ही. शेवटी ते रेघेवरच लिहिलं. एकूण बेरीज केली तर उजवी बाजू भारी भरली. सौभाग्यवतीने कागद वाचला आणि म्हणाली, 'मग एवढं कबूल करून करू या की! तिच्या भल्याचं ढोंग कशाला?' तीस वर्षांच्या संसारात ती नैतिक प्रश्नांवर एवढ्या थोडक्यात कधी बोलली नव्हती.

संक्रांत झाल्यावर ऑपरेशन झालं. दहा दिवस सागूच्या गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं होतं. ते घेऊन ती दारात अडकायची, पाण्याच्या भांड्यावर झाकण बसल्यासारखी बसायची आणि ग्रामोफोनच्या कर्ण्यातून बघावं तशी आमच्याकडे बघायची. टाके निघाले, नरसाळं गेलं. पुढचा भाद्रपद शांततेत पार पडला, एस.टी. स्टँडवरचा लंगडा एकदा वास घेऊन गेला, थोडा वेळ विचारात पडल्यासारखा उभा राहिला आणि निघून गेला. खार दिसली की सागू पूर्वीसारखीच धावते. चप्पल मात्र पुन्हा कपाटाखाली गेली नाही. मी अजून कधीकधी ती मुद्दाम तिच्या वाटेत ठेवून बघतो, हे घरात कुणाला ठाऊक नाही.

भूक मात्र डॉक्टर म्हणाले तशी वाढली. पाव हिस्सा तोडलेल्या भाताकडे पाहून ती माझ्याकडे जी नजर टाकते, तिला मी हक्काची मानतो. रोज दोन मैल तिच्याबरोबर चालतो. म्हातारपणी तिने झोपेत गादी ओली केली तर धुणार कोण हेही आम्ही ठरवून ठेवलंय. (मी.) उजव्या बाजूच्या बेरजेची ही फेड. भांड्यावाल्या बाईंना मी सांगितलं की तुमचा प्रश्न बरोबर होता आणि तरीही आम्ही केलं. त्या म्हणाल्या, 'मंग तिले चांगलं ठेवा जी,' आणि पातेलं घासायला घेतलं. तेव्हापासून येताना पदराखालून सागूसाठी भाकरीचा तुकडा आणतात. तो पाव हिश्शात धरायचा की नाही, यावर घरात चर्चा चालू आहे.

वनखात्यात एक रीत आहे. जे झाड तोडायचं त्याच्या बुंध्यावर हातोड्याने शिक्का मारतात, अगदी खाली, मुळाजवळ. झाड ओंडका होऊन गेलं तरी खुंटावर तो राहतो, आणि कुणी विचारलंच तर कुणाच्या हुकमाने तुटलं ते दाखवता येतं. तिथे झाडाच्या भल्याबिल्याचा उल्लेख नसतो. सागूच्या पोटावर बोटभर पांढरी रेघ आहे. ती उताणी झोपली की मला दिसते, आणि खाली माझी सही आहे असं समजून मी तिचं पोट खाजवतो.